कर्जाची शीट बँकेशी जुळत नाही? फरकाचा आकडा वाचा

कर्जाचा हिशेब ठेवायला एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये केलेली शीट पहिले दोन महिने छान चालते. तिसऱ्या महिन्यात स्टेटमेंट उघडलं की शीट म्हणते ४ लाख १२ हजार राहिले आणि बँक म्हणते ४ लाख १९ हजार. एकदा दुरुस्त करून ठेवलं तरी पुढच्या महिन्यात फरक पुन्हा हजर. मग कंटाळा येतो, शीट मागे पडते आणि हप्ते आपले जात राहतात. ओळखीतल्या, नात्यातल्या लोकांच्या शीट्स मी शेजारी बसून जुळवून देते, आणि शीट सोडून देण्याचं कारण जवळपास प्रत्येक वेळी हेच निघतं.

या सगळ्यावर लोक जो उपाय करतात, तो मला सगळ्यात घातक वाटतो. शिल्लकेच्या चौकटीतलं सूत्र खोडायचं आणि तिथे बँकेचा आकडा टाइप करायचा. त्या क्षणी शीट जुळलेली दिसते, पण सात हजार कशाचे होते ते कायमचं झाकलं जातं. ते सात हजार बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून गेलेले असतात: वाढलेला व्याजदर, बाउन्सचा आकार, नको असलेल्या विम्याचा हप्ता, किंवा मुद्दलात जमाच न झालेली जादा रक्कम. म्हणून फरक मिटवायच्या आधी तो वाचायला शिका.

आधी तीन रकाने वाढवा

कर्जाच्या शीटमध्ये बहुतेकांकडे तारीख, हप्ता आणि शिल्लक एवढंच असतं. एवढ्यावर फरक सापडत नाही. प्रत्येक कर्जाला वेगळी टॅब द्या आणि प्रत्येक महिन्याच्या ओळीत असे रकाने करा: तारीख, सुरुवातीची शिल्लक, व्याजदर, व्याज, हप्ता, इतर आकार, अखेरची शिल्लक. अखेरची शिल्लक म्हणजे सुरुवातीची शिल्लक अधिक व्याज अधिक इतर आकार, वजा हप्ता. पुढच्या ओळीची सुरुवातीची शिल्लक आधीच्या ओळीतून आपोआप आली पाहिजे.

त्यापुढचे तीन रकाने महत्त्वाचे: बँकेची शिल्लक, फरक, कारण. बँकेची शिल्लक तेवढी हाताने भरायची, स्टेटमेंट बघून. फरक सूत्राने येईल. कारण समजलं की ते शब्दांत लिहायचं आणि रक्कम ‘इतर आकार’मध्ये टाकायची, म्हणजे शीट खरी होते आणि मागचा इतिहासही राहतो.

व्याजदर प्रत्येक ओळीत वेगळा का, हे पुढे गृहकर्जापाशी येईल. दर वरच्या एकाच चौकटीत ठेवून सगळी सूत्रं त्याला बांधली, तर दर बदलल्या दिवशी मागचे सगळे महिनेही बदलून बसतात.

फरक कसा वागतो ते बघा

निदान इथेच अर्धं होतं. चार-पाच महिन्यांचे फरक एकाखाली एक बघितले की कुठे शोधायचं ते कळतं.

फरक बरोबर एका हप्त्याएवढा असेल, तर भानगड तारखेची आहे. हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि तुम्ही ३१ तारखेची शिल्लक जुळवताय, पण शीटमध्ये तो हप्ता आधीच्या महिन्यात धरलाय, असं काहीतरी. किंवा हप्ता बाउन्स झालाय आणि तुम्हाला पत्ता नाही. ही दुसरी शक्यता त्याच दिवशी तपासा.

फरक पहिल्या ओळीपासूनच जवळपास सारखा असेल, तर मूळ रक्कम चुकली आहे. मंजूर झाले ५ लाख, खात्यावर आले ४ लाख ८० हजार, कारण प्रोसेसिंग फी आणि कर्जाला जोडलेल्या विम्याचा हप्ता आधीच कापून घेतला. कर्ज मात्र ५ लाखांचंच धरलं जातं. पहिली ओळ मंजूर रकमेने सुरू करा आणि कापलेली रक्कम वेगळा खर्च म्हणून नोंदवा.

एखाद्याच महिन्यात उडी आणि नंतर तेवढाच फरक पुढे चालू, म्हणजे त्या महिन्यात काही आकार लागला: बाउन्सचा आकार किंवा उशिराचा दंड. दंडाबाबत एक नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दंडव्याज बंद करून त्याजागी फक्त दंडात्मक आकार ठेवला. नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. तुमच्या स्टेटमेंटमध्ये तसं दिसत असेल तर लेखी विचारा.

फरक दर महिन्याला वाढत जात असेल तर दर चुकलाय, किंवा हप्त्यातलं जे मुद्दल नाही तेही तुम्ही मुद्दल म्हणून वजा करताय. सगळ्यात जास्त सापडतात त्या याच दोन गोष्टी.

आणि फरक कधी वर, कधी खाली, शून्याभोवती हिंदकळत असेल तर घाबरू नका. तुमची शीट वार्षिक दराला बाराने भागते. पुष्कळ बँका दिवसांवर व्याज मोजतात. २० लाखांवर ८.५ टक्क्यांनी बाराने भागलेलं व्याज १४,१६७ रुपये येतं, पण ३१ दिवसांचं १४,४३८ आणि फेब्रुवारीच्या २८ दिवसांचं १३,०४१ येतं. व्याजाच्या सूत्रात दोन तारखांतले दिवस गुणून ३६५ ने भागा, हिंदकळणं थांबतं.

जुन्या हिशेबनीसांच्या दोन युक्त्या इथे अजून उपयोगी पडतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झालीय का बघा: ५,४३० च्या जागी ५,३४० पडले की फरक ९० चा येतो. आणि फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम नोंदींमध्ये सापडली, तर ती नोंद उलट्या बाजूला पडली आहे, म्हणजे जमेची नावे किंवा नावेची जमा.

शीटचाच दोष असेल तर

बँकेला विचारायच्या आधी हे तपासून घ्या.

काही आकडे बेरजेत येतच नाहीत. चौकटीत आकडा डाव्या बाजूला चिकटलेला दिसतोय का? आकडा असेल तर तो आपोआप उजवीकडे जातो. डावीकडे राहिला म्हणजे शीट त्याला शब्द समजते. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असताना भरलेल्या देवनागरी आकड्यांचं बहुतेक वेळा हेच होतं. बँकेच्या पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यांमागे स्पेस किंवा जमा-नावेची इंग्रजी अक्षरं राहिली तरी हेच. ‘सम’ हे फंक्शन अशा चौकटी गुपचूप वगळतं, लाल खूणसुद्धा दाखवत नाही. शंका असेल तिथे शेजारच्या चौकटीत ‘इजनंबर’ (ISNUMBER) हे फंक्शन लावून बघा; ‘फॉल्स’ आलं की तो आकडा इंग्रजी अंकांत पुन्हा टाइप करा.

तारखा उलट्या पडतात. शीटची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते, आणि २५/०४/२०२५ तर तारीखच राहत नाही. मग महिन्यानुसार बेरीज कशी जुळणार? गूगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल इंडिया करा. एक्सेल संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे चालतं, तिथे बदला. आधीच चुकलेल्या तारखा मात्र आपोआप सुधारत नाहीत, त्या हाताने बघाव्या लागतात.

वर्गवारीत ‘किराणा’ आणि शेवटी स्पेस पडलेला ‘किराणा ’ हे शीटला दोन वेगळे खर्च वाटतात. ड्रॉपडाउन यादी लावून टाका, टाइप करायला जागाच ठेवू नका. नव्या ओळी बेरजेबाहेर राहत असतील तर ठरावीक ओळींऐवजी पूर्ण रकान्याची बेरीज घ्या.

पगारातून कापली जाणारी सोसायटी

इथे थोडं थांबू, कारण हे इतरत्र फार कमी लिहिलं जातं आणि आपल्याकडे घरोघरी आहे. शिक्षक, एसटी, महापालिका, कारखाने, सगळीकडे पगारदारांच्या सहकारी पतसंस्था आहेत आणि पगारपत्रकावर ‘सोसायटी कपात’ असा एकच आकडा येतो. शीटमध्ये तो अख्खा आकडा हप्ता म्हणून वजा केला जातो.

एका शिक्षकांच्या शीटमधला हिशेब दाखवते. कर्ज २ लाख ४० हजार, ९ टक्के, ६० महिने. पहिल्या महिन्याची कपात ६,८०० रुपये. सोसायटीच्या खातेउताऱ्यावर त्याचे तीन भाग होते: मुद्दल ४,०००, व्याज १,८०० आणि सभासदाची मासिक वर्गणी १,०००. मुद्दल दर महिन्याला समान, त्यामुळे व्याज दर महिन्याला ३० रुपयांनी उतरत जातं आणि कपातही ३० रुपयांनी. दहा महिन्यांत एकूण ६६,६५० रुपये कापले गेले. सरांच्या शीटप्रमाणे राहिले १ लाख ७३ हजार ३५०. सोसायटीप्रमाणे २ लाख बरोबर. फरक २६,६५०. त्यातले १६,६५० व्याजाचे आणि १०,००० वर्गणीचे. सोसायटीचा हिशेब चोख होता.

वर्गणीचे दहा हजार तर खर्चही नव्हते. ती सरांचीच सोसायटीतली जमा होती आणि शीटच्या मालमत्तेच्या बाजूला ती कुठेच नव्हती. शेअर्स, वर्गणी, सक्तीची ठेव यांसाठी वेगळी ओळ ठेवा. कर्ज फेडताना किंवा निवृत्तीच्या वेळी हीच रक्कम हाताशी येते, आणि पुष्कळांना तिचा नेमका आकडा माहीत नसतो.

इथे ‘पीएमटी’ (PMT) हे फंक्शन वापरू नका. ते समान हप्त्यासाठी आहे. समान मुद्दल असलेल्या कर्जात ते पहिल्या महिन्यापासून चुकीचं उत्तर देतं.

फ्लॅट दर

दुकानातून किंवा वित्तसंस्थेकडून घेतलेल्या वस्तूंच्या, दुचाकीच्या कर्जावर ‘फक्त १२ टक्के’ सांगितलेलं असतं आणि शीटमध्ये १२ घातले की हप्ता जुळत नाही. फ्लॅट म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच: १ लाख, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे ३६,००० व्याज आधीच जोडून हप्ता ३,७७८ रुपये. घटत्या शिल्लकेवर हाच हप्ता किती टक्क्यांचा होतो, ते ‘रेट’ (RATE) या फंक्शनला विचारा: महिने ३६, हप्ता वजा चिन्हाने, रक्कम १ लाख, उत्तराला गुणिले १२. सुमारे २१.२ टक्के येतात. शीटमध्ये हाच दर घाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळ्या आकारांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. त्यानंतरचं कर्ज असेल तर तो कागद शोधून काढा.

गृहकर्ज: हप्ता तोच, कर्ज मात्र हलत नाही

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ज्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं होतं त्यांचा दर त्यामागोमाग चढला. हप्ता मात्र अनेकांचा तसाच राहिला, बँकेने मुदत लांबवली. शीटमध्ये जुना दर असल्यामुळे ती आनंदाने मुद्दल कमी करत राहिली. याच लोकांचा फरक महिन्यागणिक फुगत जातो.

हे किती मोठं असतं ते एकदा आकड्यात बघाच. २० लाख, २० वर्षं, ७ टक्के: हप्ता १५,५०६. समजा कर्ज घेतल्या घेतल्या दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला. ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं १५,०००. म्हणजे साडेपंधरा हजारांतले ५०६ रुपये मुद्दलात जातात. ‘एनपर’ (NPER) या फंक्शनला विचारलं की असं कर्ज किती महिन्यांत फिटेल, तर उत्तर येतं सुमारे ४५८ महिने. अडतीस वर्षं. बँक एवढी मुदत देत नाही, ती मध्येच हप्ता वाढवते. पण तोवर गेलेल्या हप्त्यांचं जवळपास सगळं व्याजात गेलेलं असतं.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. शीटमध्ये दर बदलाच्या तारखेपासून पुढच्या ओळींत नवा दर घाला, मागच्या ओळी तशाच ठेवा. आणि बँकेकडून तिमाही विवरण घ्या. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे तरत्या (वेळोवेळी बदलणाऱ्या) दराच्या हप्तेबंद कर्जांसाठी बँकेने प्रत्येक तिमाहीअखेर आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर कळवायचा असतो. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याची सोयही त्यात आहे. दर वाढतो तेव्हा झेपेल तेवढा हप्ता वाढवून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. दर उतरतो तेव्हा हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी होऊ द्या.

गृहकर्जातला आणखी एक फरक जादा भरलेल्या रकमेचा. बोनसमधले ५० हजार कर्जखात्यात भरले, शीटमध्ये मुद्दल ५० हजारांनी कमी केलं, बँकेत मात्र ती रक्कम पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून पडून राहिली, असं होतं. भरताना ‘अंशतः परतफेड, मुद्दलात जमा करावी’ असं लेखी द्या आणि दोन-चार दिवसांनी शिल्लक बघा. वैयक्तिक कर्जदाराच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही.

क्रेडिट कार्ड: ‘एनपर’ चूक दाखवतं तेव्हा

बिल ६०,००० रुपये, व्याज महिना ३.५ टक्के. किमान भरणा ५ टक्के म्हणजे ३,०००. मोजायला सोपं जावं म्हणून पूर्ण महिना ६०,००० धरू. व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून २,४७८. तीन हजार भरले त्यातले कर्जातून उतरले ५२२ रुपये. शीटमध्ये मात्र पुष्कळदा ६०,००० मधून सरळ ३,००० वजा केलेले असतात आणि पुढच्या बिलाला माणूस चक्रावतो.

कार्डाच्या टॅबमध्ये दर ३.५ न घालता ३.५ गुणिले १.१८, म्हणजे ४.१३ टक्के घाला, कारण जीएसटीही तुम्हीच भरताय. मग ‘एनपर’ लावून बघा. नवीन खरेदी पूर्ण बंद ठेवून दरमहा ३,००० भरले तर ६०,००० फिटायला ४४ महिने लागतात. ५,००० भरले तर १७. १०,००० भरले तर सातव्या महिन्यानंतर किरकोळ रक्कम उरते.

काहींच्या शीटमध्ये याच ठिकाणी उत्तराऐवजी ‘नम’ची (#NUM!) लाल चूक येते आणि ते सूत्र तपासत बसतात. २,४०० रुपयांचा भरणा घालून बघा, तुमच्याकडेही येईल. सूत्र ठीक असतं. भरणा व्याजापेक्षा कमी आहे, त्यामुळे हे कर्ज कधीच फिटणार नाही, एवढंच शीट सांगते. (आधी वजा चिन्ह तेवढं बघून घ्या: भरणा वजा, कर्ज अधिक.)

आणखी एक कारण: बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, नव्या खरेदीवरही व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. म्हणून थकबाकी असलेल्या कार्डावर किराणासुद्धा घेऊ नका. त्या कार्डाच्या टॅबमध्ये ‘नवी खरेदी’ हा रकाना ठेवा आणि तो शून्य राहील हे बघा.

खर्चाच्या टॅबमध्येही कार्ड गोंधळ घालतं. जूनमध्ये कार्डावर ८,००० चे बूट-दप्तर घेतले, ते खर्चात लिहिले. जुलैत कार्डाचं बिल भरलं, तेही खर्चात लिहिलं. आठ हजारांचे सोळा झाले. कार्डाचं बिल, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलेले पैसे, कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल यांना ‘वर्ग’ अशी वेगळी वर्गवारी द्या आणि ती खर्चाच्या बेरजेतून वगळा. नो-कॉस्ट हप्त्यांवर घेतलेला मोबाइलही असाच दोनदा मोजला जातो.

शीटमध्ये नसलेली कर्जं

सगळ्या टॅब जुळतात आणि तरी महिनाअखेरीला पैसे पुरत नाहीत, तेव्हा एखादं कर्ज शीटच्या बाहेर आहे.

भिशीचं बघा. बारा जणांची भिशी, महिना ५,०००. तिसऱ्या महिन्यात तुमचा नंबर लागला आणि ६०,००० हातात आले. शीटमध्ये ते ‘जमा’ म्हणून गेले. त्यातले १५,००० तुम्ही आधी भरलेले आहेत, उरलेले ४५,००० हे कर्ज आहे, नऊ महिन्यांत फेडायचं. भिशी उचलली त्या दिवशी कर्जाची टॅब उघडा.

सोनेतारणात पुष्कळदा वर्षभर काहीच भरायचं नसतं, मुदतीला मुद्दल आणि व्याज एकदम. शीटमध्ये १ लाख वर्षभर १ लाखच दिसतात. १० टक्क्यांनी रोज २७ रुपये ४० पैसे चढत असतात. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५ असा रकाना लावा, आजची तारीख ‘टुडे’ (TODAY) या फंक्शनने घ्या. नूतनीकरणाच्या वेळी व्याज मुद्दलात मिळवलं गेलं तर पहिली ओळ नव्याने सुरू करायची.

मामाकडून, मेहुण्याकडून घेतलेले हातउसनेही लिहा, तारखेसह. व्याज शून्य, पण परत करायचे आहेत.

विसरलेलं कर्ज सापडत नसेल तर क्रेडिट अहवाल मागवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. मोबाइल ॲपवरून घेतलेली छोटी कर्जं, बंद झाली असं वाटलेलं कार्ड, कुणाला तरी जामीन राहिलेलं खातं, सगळं तिथे निघतं.

जुळली, पण दर वर्षी पुन्हा चढते

हीसुद्धा वारंवार येणारीच तक्रार आहे. कार्ड मार्चपर्यंत उतरतं, जूनमध्ये शाळेची फी आली की चढतं, गणपती-दिवाळीला आणखी चढतं. मासिक शीटमध्ये वार्षिक खर्चाला जागाच नसते. वेगळ्या टॅबमध्ये ते लिहून काढा. शाळा ३६,०००, विमा १८,०००, दिवाळी १५,०००, गाडीचा विमा व सर्व्हिसिंग ९,०००, गावची जत्रा आणि जाणं-येणं ६,००० असे धरले तर ८४,०००, म्हणजे महिना ७,०००. एवढी रक्कम पगाराच्या दिवशी दुसऱ्या बचत खात्यात वर्ग करा. कर्जफेडीसाठी जादा किती भरता येतील, ते हे सात हजार बाजूला काढल्यावरच ठरवा. सगळे पैसे कर्जात घातले आणि जूनमध्ये पुन्हा कार्ड ओढलं, तर महिना ३.५ टक्क्यांनी तेच कर्ज परत घेतल्यासारखं आहे.

जादा रक्कम आधी कुठे घालायची? दराच्या उतरत्या क्रमाने टॅब लावा; कार्ड जवळपास नेहमीच वर येईल, आणि तिथेच घालावी. एक अपवाद मी मानते. पतसंस्थेच्या कर्जाला सहकारी किंवा नातेवाईक जामीनदार असेल आणि हप्ते थकले असतील, तर आधी ती थकबाकी काढा. नोटीस जामीनदारालाही जाते, आणि ती नाती कुठल्याच रकान्यात मांडता येत नाहीत.

शेवटची ओळ

कर्ज संपवताना बँकेकडून बंद करण्याच्या तारखेचं पत्र घ्या, म्हणजे फोरक्लोजर लेटर. त्यातला आकडा शीटपेक्षा थोडा जास्त असतो, कारण शेवटच्या हप्त्यानंतरच्या दिवसांचं व्याज त्यात असतं. शिल्लक गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५ एवढाच फरक आला पाहिजे. जास्त आला तर तपशील मागा. ठरावीक दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार आणि त्यावर जीएसटी असू शकतो, तो करारात बघा.

पैसे भरल्यावर नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या. घराची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायचा नियम आहे. फेडीची तारीख, प्रमाणपत्राची तारीख आणि कागदपत्रं मिळाल्याची तारीख त्या टॅबच्या तळाशी लिहा. मॅंडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द झालंय का ते पुढच्या हप्त्याच्या तारखेला खात्यात बघा, आणि एक-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालात ते खातं बंद दिसतंय याची खात्री करून घ्या.